माग मोडला तर कापडाचं काय? फोटोंचा आवडता प्रोग्राम बंद होतो तेव्हा



गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातला कारणाचा विचार पाहिला. घट, पट, कुंभार, विणकर हे सगळं झालं. शेवटी एका बाईंनी विचारलं, 'सर, हे घट-पटापुरतंच का? आमचा पिकासा बंद झाला, त्याला यातलं काही लागू होतं का?' थोडा हशा झाला. पण प्रश्न फार चांगला होता, म्हणून आजचं व्याख्यान त्यालाच देऊ या.

ज्यांना पिकासा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००२ साली अमेरिकेतल्या लाइफस्केप नावाच्या छोट्या कंपनीने फोटो लावून ठेवण्याचा आणि सुधारण्याचा हा प्रोग्राम काढला. २००४ मध्ये गुगलने तो विकत घेतला आणि सगळ्यांना फुकट दिला. आपल्याकडे घरोघरी डिजिटल कॅमेरे यायला लागले तो हाच काळ. लग्न, बारसं, केदारनाथची यात्रा, मुलाच्या पदवीदानाला केलेली अमेरिकावारी, सगळं फोल्डरांत साचत होतं आणि कुठे काय आहे ते सापडत नव्हतं. पिकासा आला आणि त्याने डिस्कवरचे सगळे फोटो तारखेवार समोर मांडले. वाकडा फोटो सरळ करावा, कडा कापाव्या, डोळ्यातला लाल ठिपका घालवावा, 'फिल लाइट'ची पट्टी सरकवून काळवंडलेला चेहरा उजळावा, हे सत्तरीच्या माणसालाही दहा मिनिटांत जमायचं. 'आय अ‍ॅम फीलिंग लकी' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की प्रोग्राम स्वतःच्या अकलेने फोटो सुधारायचा, आणि बहुतेक वेळा बरा सुधारायचा. २००९ पासून तो चेहरे ओळखायला लागला. आपण एकदा 'ही मामी' म्हणून सांगितलं, की पुढच्या फोटोंत 'ही मामीच ना?' म्हणून विचारायचा.

१२ फेब्रुवारी २०१६ रोजी गुगलने जाहीर केलं, की १५ मार्चपासून संगणकावरच्या पिकासाचं काम थांबेल. मुदत जेमतेम महिनाभराची.

आता 'बंद' या शब्दाकडे नीट बघा, कारण घबराट तिथूनच सुरू होते. दुकान बंद होतं तेव्हा शटर पडतं आणि आपण बाहेर राहतो. इथे तसं झालं नाही. १६ मार्चलाही पिकासा उघडत होता, आणि विंडोजच्या कित्येक संगणकांवर तो आजही चालतो. थांबली ती त्याची देखभाल. संगणकाची मूळ प्रणाली मात्र बदलत राहते, आणि एक दिवस जुन्या प्रोग्रामला तिच्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. ॲपलने २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटांचे सगळे जुने प्रोग्राम चालवणं थांबवलं. आदल्या रात्री चालणारी वस्तू प्रणाली अद्ययावत केल्यावर सकाळी चालेना, असं अनेकांचं झालं. म्हणजे बंद होण्याची खरी तारीख कंपनी सांगते ती नसते. आपण नवा संगणक घेतो किंवा प्रणाली बदलतो, ती असते. हे एकदा समजलं की हाताशी थोडा वेळ आहे, हे लक्षात येतं.

एक गोष्ट आधीच बोलून टाकू. प्रोग्राम गेल्याचं दुःख होणं यात हसण्यासारखं काही नाही. हायडेगरने १९२७ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेतलं आहे. हातोडा नीट चालतो तोवर आपलं लक्ष हातोड्याकडे नसतंच, ते खिळ्याकडे असतं, भिंतीवर लावायच्या तसबिरीकडे असतं. हातोडा मोडला की तो एकदम 'वस्तू' म्हणून समोर येतो. दहा-बारा वर्षं वापरलेला प्रोग्राम असाच हातात विरघळलेला असतो. कुठलं बटण कुठे आहे हे बोटांना ठाऊक असतं, आपल्याला विचारलं तर सांगता येत नाही. नव्या प्रोग्राममध्ये तेच काम करताना आपण स्वतःला मठ्ठ वाटायला लागतो. मुलं म्हणतात, 'बाबा, त्यात काय एवढं, दुसरा घ्या.' त्यांना सांगावं, की चाळीस वर्षांच्या स्वयंपाकघरातून उठून दुसऱ्याच्या ओट्यावर पोळ्या लाटून बघा. हे दुःख मात्र सहा महिन्यांत ओसरतं, कारण बोटं नवीन शिकतात. खरं नुकसान दुसरीकडेच होतं, आणि ते बहुधा लक्षातही येत नाही. आज बोलायचंय ते त्याविषयी.

त्यासाठी पिकासा आतून काय करत होता ते समजून घ्यावं लागेल. आपले फोटो बहुतेक जेपेग स्वरूपात असतात. जेपेगमध्ये जागा वाचवण्यासाठी थोडा तपशील गाळलेला असतो, आणि बदल करून फाइल पुन्हा पुन्हा साठवली की दर वेळी आणखी थोडा गळतो. म्हणून शहाण्या प्रोग्रामांनी एक युक्ती काढली. मूळ फोटोला हातच लावायचा नाही. तुम्ही कडा कापल्या, उजेड वाढवला, तर तेवढी सूचनाच बाजूला लिहून ठेवायची: 'डावीकडून इतकं काप, उजेड इतका वाढव.' तुम्ही फोटो उघडलात की प्रोग्राम मूळ फोटो घेतो, त्यावर सूचना लागू करतो आणि सुधारलेलं चित्र पडद्यावर दाखवतो. पिकासा या सूचना प्रत्येक फोल्डरमध्ये एका लपवलेल्या छोट्या फाइलीत लिहायचा. तिचं नाव 'डॉट पिकासा डॉट आयएनआय'. ॲपलचा ॲपर्चर, अडोबीचा लाइटरूम हेही तत्त्वतः याच मार्गाचे, फक्त त्यांच्या वह्या वेगळ्या.

युक्ती उत्तम आहे, यात वाद नाही. मूळ फोटो सुरक्षित राहतो आणि दहा वर्षांनीही निर्णय फिरवता येतो. पण तिचा अर्थ काय होतो बघा. जो सुधारलेला फोटो तुम्हाला रोज पडद्यावर दिसत होता, तो फाइल म्हणून कुठेही नव्हता. मूळ फोटो होता, सूचना होती, आणि दोन्ही जुळवणारा प्रोग्राम होता.

आता गेल्या वेळचा पट आठवा. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातलं उदाहरण आहे. तंतू हे कापडाचं समवायी कारण. तंतूंचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणं. नैयायिक म्हणतात, निमित्त कारण नष्ट झालं तरी कार्य नष्ट होत नाही. विणकर गेला, माग मोडला, तरी आजीची पैठणी राहते. पण तंतू जळले किंवा त्यांचा संयोग सुटला, तर कापड उरत नाही.

फोटो सुधारणारा प्रोग्राम म्हणजे निमित्त कारण, असं आपण सगळे गृहीत धरून चालतो. काम झालं, आता माग मोडला तरी काय बिघडलं? पण या पद्धतीत प्रोग्राम दर वेळी नव्याने तंतूंचा संयोग घडवत असतो. तो गेला की संयोग गेला. तंतू, म्हणजे मूळ फोटो, जसेच्या तसे शिल्लक राहतात. कापड मात्र मागावर होतं तोवरच कापड होतं. ते कधी उतरवून घेतलंच नव्हतं.

उतरवून घेण्याला संगणकाच्या भाषेत 'एक्सपोर्ट' म्हणतात. सूचना लागू केलेलं चित्र वेगळी फाइल म्हणून लिहून घ्यायचं. एवढी साधी गोष्ट, पण ती केलेली माणसं आम्हाला फार थोडी भेटली.

हे संगणकाच्याच जगात घडतं असं समजू नका. कोडॅकने १९३५ मध्ये कोडाक्रोम नावाची रंगीत फिल्म आणली आणि २००९ मध्ये तिचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. या फिल्मचं वैशिष्ट्य असं, की ती धुण्याची रासायनिक क्रिया फार गुंतागुंतीची होती. शेवटी शेवटी जगात एकच प्रयोगशाळा ते काम करत होती, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेले रोल घेतले आणि मग ते काम थांबवलं. स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला कोडॅकने शेवटचा तयार झालेला रोल दिला होता. ३६ चित्रांचा. त्यातली काही त्यांनी भारतात घेतली. ते स्वतः तो रोल पार्सन्सला घेऊन गेले. का, तर धुतलेली कोडाक्रोमची पारदर्शिका अंधारात नीट ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण न धुतलेला रोल रंगीत धुऊन घेण्याची नेहमीची सोय त्या तारखेनंतर उरली नाही. फार तर दुसऱ्या रसायनांत कृष्णधवल चित्र काढता येतं. म्हणजे कपाटात दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेत. एकातल्या चित्रांना कंपनी असो-नसो काही फरक पडत नाही. दुसऱ्यातली ठराविक तारखेला संपली. एक्सपोर्ट न केलेला फोटो म्हणजे हा दुसरा डबा.

पण फोटोची सुधारणा गेली तर एकवेळ चालेल. उजेड पुन्हा वाढवता येतो. आम्हाला जास्त काळजी वाटते ती नावांची.

आमचे एक स्नेही आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले अभियंते. त्यांच्या पत्नीने दोन हिवाळे बसून घरातल्या सगळ्या फोटोंतल्या चेहऱ्यांना पिकासात नावं दिली होती. जुन्या अल्बममधले फोटो आधी स्कॅन करून घेतले होते, त्यांनाही. 'कुरुंदवाडच्या आत्याबाई', 'बंडूचा थोरला', 'नानांच्या शाळेतले शिंपी मास्तर'. त्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्हीकडच्या माणसांना ओळखणाऱ्या शेवटच्याच. पुढे त्या गेल्या. वर्षभराने संगणक जुना झाला म्हणून बदलला. दुकानातल्या मुलाने फोल्डर उघडून सगळे फोटो निवडले आणि नव्या यंत्रावर नेऊन ठेवले. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं. एकही फोटो गहाळ नव्हता. पण ती छोटी लपवलेली फाइल पडद्यावर दिसतच नाही, त्यामुळे ती निवडली गेली नाही. नव्या संगणकावर चार हजार चेहरे होते आणि नाव एकाचंही नव्हतं. आमचे स्नेही म्हणाले, 'फोटो सगळे आहेत हो, पण आता मी कुणाला विचारू?'

सुदैवाने जुनी डिस्क टेबलाच्या खणात पडून होती. जावयाने ती जोडली, लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू केली आणि प्रत्येक फोल्डरमधली ती फाइल काढली. साध्या नोटपॅडमध्येही ती उघडते. फोटोचं नाव, खाली चेहऱ्याच्या चौकटीचे आकडे आणि एक सांकेतिक क्रमांक, आणि त्याच फाइलीत दुसरीकडे त्या क्रमांकापुढे नाव. 'शिंपी मास्तर' तिथे होते. फाइली आपापल्या फोल्डरांत परत ठेवल्यावर पिकासाने नावं पुन्हा दाखवली, आणि मग ती कायमची फोटोंत लिहून घेतली.

इथे एक फरक ध्यानात घ्या. ही फाइल साध्या अक्षरांत होती म्हणून वाचता आली. मोडीतले कागद आज थोड्यांनाच वाचता येतात, पण अक्षर शिकलं की वाचता येतात. बंदिस्त डेटाबेसचं तसं नाही, त्याची बाराखडी कंपनीच्याच खिशात असते. पिकासातले अल्बम, म्हणजे वेगवेगळ्या फोल्डरांतून निवडून आपण लावलेला क्रम, फोटोंच्या बाहेर, प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलींत राहायचे. फोटोखाली लिहिलेली ओळ आणि शोधासाठी दिलेले टॅग मात्र जेपेग फाइलीतच लिहिले जायचे, ते फोटोबरोबर प्रवास करतात. नावं फोटोत लिहिण्याची सोयही पिकासाच्या नंतरच्या आवृत्तींत होती, पण ती शोधून सुरू करणारे थोडे.

तेव्हा कुठलाही प्रोग्राम बंद होणार म्हटलं, की पहिला प्रश्न 'आता दुसरा कुठला?' हा नाही. 'माझी मेहनत कुठे ठेवलेली आहे?' हा आहे. फोटोच्या आत, शेजारच्या फाइलीत, की प्रोग्रामच्या पोटात? याची परीक्षा सोपी आहे. एक फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि जिथे तो प्रोग्राम नाही अशा संगणकावर उघडा. फोटो सुधारलेला दिसतो का? त्याच्या माहितीत ओळ, टॅग, नावं दिसतात का? जे दिसत नाही ते मागावर अडकलं आहे असं समजायचं.

मग ते उतरवायचं. सुधारलेले फोटो उत्तम प्रतीच्या जेपेगमध्ये एक्सपोर्ट करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, जागेची अडचण नसेल आणि चित्र फार मोलाचं असेल तर टिफमध्ये. मूळ फोटो पुसायचे नाहीत. पिकासात 'सेव्ह' केलं की मूळ फोटो एका लपवलेल्या फोल्डरात सरकायचा, तोही सांभाळायचा. कित्येकांनी 'हे काय कचरा फोल्डर' म्हणून तो उडवलाय. अल्बमचा क्रम हवा असेल तर तो अल्बम एक्सपोर्ट करताना फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्यायचे, म्हणजे क्रम नावातच राहतो. याहून टिकाऊ पद्धत आम्हाला माहीत नाही. नावं फोटोत लिहिता येत नसतील तर फोटोखालच्या ओळीत लिहा: 'डावीकडून आत्याबाई, नाना, शिंपी मास्तर, मिरज.' अल्बमच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायचे ना, तसं.

सगळं उतरवायचं का? मुळीच नाही. वीस हजार फोटो असलेली माणसं वीस हजारांच्या नावाने घाबरून काहीच करत नाहीत. ज्यांवर तुम्ही खरोखर मेहनत घेतली, ते दोन-चारशेच निघतात. तिथून सुरुवात करा.

कंपन्या म्हणतात, 'काळजी नको, आमच्या नव्या प्रोग्राममध्ये सगळं आपोआप येईल.' येतं, पण भाषांतर होऊन येतं. ॲपलने ॲपर्चरचं काम थांबवणार असं जून २०१४ मध्ये सांगितलं आणि पुढच्या वर्षी 'फोटोज' हा प्रोग्राम दिला. ॲपर्चरमध्ये छायाचित्रकार फोटोंना एक ते पाच तारे द्यायचे. नव्या घरात ताऱ्यांना जागाच नव्हती, म्हणून त्यांचे टॅग झाले. 'पाच तारे' ही श्रेणी होती, तिचा नुसता शब्द झाला. माहिती गेली नाही, असं म्हणता येईल. पण ज्याने दहा वर्षं निवड करून तारे दिले होते, त्याला विचारा काय गेलं ते. भाषांतराला आमचा विरोध नाही. मात्र ते मूळ समजून घेऊ नये, आणि मूळ लगेच फेकून देऊ नये.

नवा प्रोग्राम घेताना आम्ही एकच कसोटी लावू: आत जाण्याआधी बाहेरचं दार बघून ठेवायचं. डिजिकॅमसारखा मुक्त प्रोग्राम नावं आणि टॅग फोटोच्या फाइलीत लिहू शकतो, आणि त्याचा कोड सर्वांसमोर असतो. एक कंपनी उठून गेली म्हणून तो एका रात्रीत नाहीसा होत नाही. पण मुक्त म्हणजे अमर असंही नव्हे. उजेड-रंगाच्या सूचना तिथेही त्या त्या प्रोग्रामच्याच बोलीत असतात. डार्कटेबलची सूचना लाइटरूमला कळत नाही. एक्सपोर्ट तिथेही चुकत नाही.

काही जण विचारतात, की जुना संगणक इंटरनेट काढून पिकासापुरताच ठेवला तर? ठेवा की. आम्हालाही ही कल्पना आवडते, अडगळीच्या खोलीत चालू असलेल्या शिवणयंत्रासारखी. फक्त त्या यंत्राची डिस्क एक दिवस जाणार हे धरून चाला, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरात, मुलीकडे वगैरे, ठेवा.

आणि ज्यांना वाटतंय, 'आमचे फोटो तर आता सगळे ऑनलाइन आहेत, आमचा काय संबंध,' त्यांच्यासाठी एक शेवटचा मुद्दा. पिकासाचे ऑनलाइन अल्बमही २०१६ मध्येच थांबले. त्यांची माहिती बघायला आणि उतरवून घ्यायला गुगलने वेगळी जागा दिली, आणि ती जागाही २०२३ मध्ये बंद केली. आज गुगल फोटोजमधून आपला साठा उतरवायचा झाला तर 'टेकआउट' नावाची सोय आहे आणि ती जरूर वापरावी. पण उतरवलेलं उघडून पाहा. फोटोंच्या शेजारी 'जेसन' नावाच्या छोट्या फाइली दिसतील. तुम्ही गुगल फोटोजमध्ये फोटोखाली लिहिलेलं वर्णन त्या फाइलीत असतं. पुष्कळ जण त्यांना कचरा समजून पुसतात. त्या साध्या अक्षरांत असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. पुसू नका.

प्रश्न असतील तर आता घेऊ.